भिंतीकडं तोंड केलेली हलगी

मी एक जुनी हलगी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. त्यात माझा दोष नाही. जाळावर शेकल्याशिवाय हलगीला कंठच फुटत नाही. दमट हवेत माझं कातडं ढिलं पडतं, मग कितीही बडवा, ओल्या पोत्यासारखा आवाज येतो. नीट शेकलं की मात्र माझा कडकडाट शिवेपलीकडं ऐकू जातो. तेव्हा गोष्ट सांगता सांगता मी मधेच तापले, तर समजून घ्या.

सध्या मी बेळगावात, दोन खोल्यांच्या एका घरात, खिळ्याला टांगलेली असते. माझं तोंड दाराकडं आहे. येणाराजाणारा मला दिसतो. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? पण कितीतरी वर्षं माझं तोंड भिंतीकडं होतं. ते तिकडं का केलं, आणि सातासमुद्रापलीकडच्या एका गाण्याच्या तबकडीनं ते कसं वळलं, हीच माझी गोष्ट.

माझा जन्म निपाणीच्या अलीकडच्या एका गावातला. तिथं गावकुसाबाहेरच्या वस्तीत सिद्राम नावाचा वाजवणारा राहायचा. त्यानं लोहाराकडून लोखंडाची पट्टी वळवून घेतली. शेळीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवलं, केस खरवडले, आणि ओलं असतानाच कड्यावर ताणून बसवलं. बोट मारायचा, कान लावायचा, मान हलवायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा ताणायचा. त्याची बायको वैतागली. 'पोरीला सुद्धा कुणी इतकं नटवत न्हाय!' म्हणाली. शेवटी मनासारखा आवाज लागला, तेव्हा त्यानं मला आपल्या मुलाच्या, मायाप्पाच्या खांद्याला अडकवलं.

"घे," सिद्राम म्हणाला. "एक येळ तू उपाशी ऱ्हा, पर हिला थंड ठेवू नगंस."

मायाप्पाच्या हातात जादू होती. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक छडी. जत्रेत कुस्त्यांचा फड लागला की पैलवानांच्या आधी आम्ही आखाड्यात उतरायचो. मी कडाडले की शड्डू घुमायचे, म्हातारी माणसं सुद्धा धोतर सावरत पुढं यायची. 'हलगी म्हणावी तर मायाप्पाची!' असं लोक म्हणायचे. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

पण कुस्त्या वर्षातनं एकदा. बाकीच्या दिवसांचं काय? कुणाची मयत झाली, वाजव. दवंडी द्यायची आहे, वाजव. बैल मिरवायचेत, वाजव. मायाप्पाला कुणी विचारत नसे. सांगावा यायचा आणि जायचं. दुसऱ्याच्या दारात गेलं की पायरीच्या खाली उभं राहायचं, लग्न चार तास चालो नाहीतर दिवसभर. बसायला कुणी पोतं सुद्धा टाकत नसे. शेवटी वरून भाकरी टाकायचे, ती झेलायची.

एका लग्नाची आठवण तर अजून माझ्या अंगाला चटका देते. अवकाळी पाऊस आला. पाहुणे मांडवात, आम्ही पायरीखाली. माझं कातडं भिजून पार लोळागोळा झालं. मायाप्पानं हात जोडून म्हटलं, "मालक, चुलीतला जरा इस्तू द्या. हलगी शेकून घेतो."

"तिकडं स्वयंपाक चाललाय. लांब हो!" मालक वरून ओरडला.

विस्तव मिळाला नाही. आणि थोड्या वेळानं तोच मालक पाहुण्यांसमोर म्हणतो, "का रं, वाजत का न्हाय? हातात जोर न्हाय व्हय तुझ्या?" सगळा मांडव हसला. आता सांगा, मित्रांनो, विस्तव द्यायचा नाही आणि वर हलगी वाजत नाही म्हणायचं! मायाप्पानं पुन्हा टिपरू उचललं. त्या दिवशी त्यानं मला जितकं हळू वाजवलं, तितकं कधीच वाजवलं नव्हतं.

पुढं आमच्या वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला. सगळे एका जागी बसले आणि ठरलं, आजपासून गावकीची कामं बंद. मेलेलं ढोर ओढायचं नाही, वरून टाकलेली भाकरी झेलायची नाही, कुणाच्या दारात हलगी वाजवायची नाही. काहींनी आपल्या हलग्या ओढ्यात फेकल्या, काहींनी होळी केली. मायाप्पानं मला उचललं. मला वाटलं, आटोपला आपला कारभार. पण तो जाळाजवळ जाऊन माघारी फिरला.

"माझ्या बापाचा हात हाय हिच्यावर," तो सगळ्यांना म्हणाला. "जाळवत न्हाय. पर वाजीवणार बी न्हाय."

घरी येऊन त्यानं मला खिळ्याला टांगलं, तोंड भिंतीकडं करून. त्याला मी दिसायला नको होते आणि टाकवतही नव्हते. माझं काय चुकलं होतं? चुकलं काहीच नव्हतं. तरी मी रुसले नाही, कारण त्याच्या पाठीत इतके दिवस जो बाक होता तो त्या दिवशी गेलेला मी पाहिला होता.

गावानं काम देणं बंद केलं. मायाप्पाची बायको तानीबाई निपाणीला तंबाखूच्या वखारीत जाऊ लागली. पुढं मायाप्पाला बेळगावजवळ मच्छेच्या एका कारखान्यात काम लागलं आणि बिऱ्हाड हललं. निघताना तानीबाईनं मला वाकळेत गुंडाळलेलं पाहिलं.

"वाजवायची न्हाय, तर न्यायची कशाला?" ती म्हणाली.

"न्यायची," मायाप्पा म्हणाला. एवढंच बोलला. बेळगावच्या घरात पहिला खिळा माझ्यासाठी ठोकला गेला, आणि तोंड पुन्हा भिंतीकडं.

वर्षं गेली. चुना, कोळ्यांची जाळी आणि मी. पण कान तर उघडे होते ना! कृष्णात जन्मला, रडला, बाराखडी म्हणाला, पदवीधर झाला, सगळं मी पाठमोरी ऐकलं. घराण्यातला शिकलेला पहिला मुलगा. बँकेत नोकरीला लागला तेव्हा तानीबाईनं आळीभर साखर वाटली. बापानं त्याला सगळं शिकवलं, पण टिपरू हातात धरायला कधी शिकवलं नाही. मुद्दामच शिकवलं नाही.

ब्याऐंशी सालची गोष्ट. कॅम्पात राहणारं गोव्याकडचं एक कुटुंब बेळगाव सोडून निघालं होतं. कृष्णातला गाण्याचं वेड. त्यानं त्यांच्याकडून जुना रेकॉर्ड प्लेअर विकत घेतला. त्यांच्या घरातल्या आजीबाईंनी वर एक नवीकोरी तबकडीही दिली. 'भाच्यानं लंडनहून धाडलीय. माझ्या डोक्यावरनं जाते. तू ने बाबा,' म्हणाल्या.

रविवारची सकाळ होती. तानीबाई दारात तांदूळ निवडत होती. कृष्णातनं तबकडी लावली. आधी खरखर, मग एकदम धाडकन सुरू! आई गं, काय ते वाजणं! गिटार तापल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखी चुरचुरत होती. कुणीतरी जाड तारा ओढून सोडत होतं आणि त्या लाकडावर फाट्‌ फाट्‌ आपटत होत्या. एक बाई खणखणीत आवाजात गात होती. आणि खाली ठोका, एक सोडून एक, अगदी नेमका. असा ठोका मी आखाड्यात ऐकला होता, पैलवान दंड थोपटत फिरतात तेव्हाचा.

आणि मित्रांनो, माझं कातडं आपोआप थरथरलं. मी काही केलं नाही, शपथ! त्या जाड तारा वाजल्या की माझ्या अंगातून झुम्‌ झुम्‌ आवाज निघायला लागला. कडं खिळ्यावर खडखडलं.

"अगं बया! भिंत वाजतीया!" तानीबाई सूप टाकून उठली.

कृष्णातनं तबकडी थांबवली. मी थांबले. पुन्हा लावली. मी पुन्हा सुरू. त्यानं भिंतीला कान लावला, मग माझ्या पाठीवर तळवा ठेवला. त्या घरात इतक्या वर्षांत मला लागलेला तो पहिला हात. त्यानं मला हळूच वळवलं. मला पहिल्यांदा त्याचं तोंड दिसलं. हुबेहूब सिद्राम!

"आई," तो म्हणाला, "ही साथ कराय लागलीया गं."

तेवढ्यात मायाप्पा रात्रपाळी संपवून कारखान्यातून आला. मला सरळ बघून उंबऱ्यातच थबकला.

"हिला कुणी हात लावला?"

"आप्पा, मी नंतर लावला," कृष्णात म्हणाला. "आधी ती आपसूक बोलली."

मायाप्पानं मला पुन्हा पाठमोरी केलं. तेव्हा इथून पुढं जे डोळ्यांनी बघण्याजोगं सांगते, ते तानीबाईच्या तोंडून नंतर ऐकलेलं. पण तबकडी बंद कर, असंही तो म्हणाला नाही. बाहेर जाऊन पायरीवर बसला, आणि दुसरी बाजू संपेपर्यंत उठला नाही.

त्यानंतर ती तबकडी रोज वाजू लागली. तिच्या पाकिटावर पाच जण होते म्हणे, डोक्यावर केसांचे तुरे काढलेले, आणि एक जण माणसापेक्षा उंच, पोटफुगं वाद्य मिठीत धरून उभा. त्या बँडचं नाव 'लँटर्न लेन फाइव्ह'. नाव उच्चारताना तानीबाईची जीभ अडखळायची, म्हणून अर्थ विचारून घेऊन ती त्यांना 'कंदीलवाले' म्हणायची. कृष्णातच्या बँकेतला गोपाळ गिटार वाजवायचा. तो पाकिटाच्या मागचं वाचून सांगायचा, "याला रॉकाबिली म्हणतात, आणि ही दुसऱ्या बाजूची गाणी रिदम अँड ब्लूज. जुनं संगीत आहे, ही पोरं नव्यानं वाजवतात. शेतात राबणाऱ्या, कुणी माणसात न धरलेल्या लोकांनी सुरू केलेलं." ते ऐकून पायरीवरच्या मायाप्पाची विडी हातातच विझली. मी भिंतीकडं बघत मनात म्हटलं, म्हणजे तिकडं सुद्धा कुणीतरी पायरीखाली उभं होतं तर.

बँकेत आणखी एक गाणारी होती, कल्याणी. बेळगावातल्या जुन्या वकिलाच्या घरातली, आवाज असा की काउंटरवर 'पुढे या' म्हणाली तरी लोकांना गाणं वाटे. भाद्रपदात बँकेच्या लोकांचं स्नेहसंमेलन असायचं. तिघांनी ठरवलं, कंदीलवाल्यांची दोन गाणी तिथं म्हणायची. गोपाळची गिटार, कल्याणीचा आवाज, आणि ठोक्याला मी.

तीच तर खरी अडचण होती. कृष्णातनं एक दिवस बापाला सरळ विचारलं. चोरून मला खाली काढायला तो काही भ्याला नसता, पण त्याला ते करायचं नव्हतं.

"आप्पा, हलगी पाहिजे मला. संमेलनात वाजवणार हाय."

"बँकेत गेलास, टेबलाम्होरं बसलास, ते हलगी वाजवायला?" मायाप्पाचा आवाज चढला. "चार लोकांत मी शब्द दिलाय. आज ही खाली निघाली की उद्या गाव दारात उभं ऱ्हाईल. 'मायाप्पा, चल,' म्हणतील. तुला काय ठावं पायरीखाली उभं ऱ्हाणं!"

"मला ठावं न्हाय ते तुमच्यामुळं," कृष्णात म्हणाला. "पर लाज वाटायची ती त्यांला वाटावी. हिला का? हिनं काय केलंय?"

मायाप्पा ताडकन उठून बाहेर गेला. तानीबाई मुलावर डाफरली, "कशाला जुनी खपली काढतुयास रं?" मी भिंतीला तोंड लावून तापत होते. इतकी वर्षं मला जे म्हणायचं होतं, ते या पोरानं म्हटलं होतं. पण बापाचं भय सुद्धा खोटं नव्हतं, हेही मला कळत होतं.

आणि झालंही तसंच. वाऱ्याला सुद्धा कान असतात. कृष्णात तबकडीबरोबर पत्र्याच्या डब्यावर ठोका धरायचा, ते ऐकून कुणीतरी गावाकडं बातमी नेली की मायाप्पाच्या घरात पुन्हा वाजवणं सुरू झालंय. एका रविवारी गावचा मष्णू दारात आला. बिचारा पाटलाचा गडी, निरोप्या.

"मायाप्पा, बैलांची मिरवणूक हाय. मालकांनी बोलिवलंय. तुझ्यागत वाजिवणारा न्हाय म्हंत्यात. तू न्हाय तर पोराला धाड."

मायाप्पानं मुलाकडं पाहिलं. बघ, मी काय म्हणालो होतो, असं त्या नजरेत होतं. तानीबाईच्या हातातली परात तशीच राहिली. माझ्या मनात आलं, आता हा बँकेतला मुलगा काय बोलणार? लाजून 'आमच्यात कुणी वाजवत नाही' म्हणाला, तरी माझी गोष्ट तिथंच संपली. आणि 'येतो' म्हणाला, तर मायाप्पाची संपली.

कृष्णात उठला. आतून खुर्ची आणून त्यानं मष्णूला बसवलं, चहा दिला.

"मामा, घ्या. चहा घ्या आधी," तो म्हणाला. "मालकांना सांगा, मी हलगी वाजवतो. पर कुणाच्या बैलाम्होरं न्हाय, कुणाच्या पायरीखाली न्हाय आन्‌ सांगावा आला म्हणून तर न्हायच न्हाय. ऐकायची असंल तर बेळगावला यावं, तिकडं सगळ्यांना खुर्च्या हाईत."

मष्णूनं चहाचा घोट घेतला. मग हसला आणि म्हणाला, "असंच सांगू व्हय? मला बी सांगाय बरं वाटंल." चहा संपवून तो गेला.

मायाप्पा उठला. मग तो माझ्यापाशी आला, मला खिळ्यावरून काढलं आणि सदऱ्याच्या बाहीनं माझ्यावरची जाळी पुसली. मुलाला म्हणाला, "डब्यावर ते काय बडिवतुयास? इकडं ये. आधी हिला शेकायची कशी ते शीक. जाळाला टेकवायची न्हाय, जाळावरनं फिरवायची."

मित्रांनो, त्या दिवशी अंगणात जुन्या वर्तमानपत्रांचा जाळ झाला, आणि इतक्या वर्षांनी माझ्या अंगात ऊब शिरली. मायाप्पानं बोट मारलं. कण्णकन आवाज उमटला. तानीबाई दाराआड डोळे पुसत होती आणि 'धूर लई झालाय' म्हणत होती.

पुढचे दिवस शिकण्यात गेले. तबकडी लावायची, मायाप्पा कान देऊन ऐकणार, मग म्हणणार, "हितं त्यो दम खातुय, बघ. तू बी खा." इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं, पण कंदीलवाल्यांचा ठोका त्याला गावच्या शेजाऱ्यासारखा ओळखीचा झाला. कृष्णातच्या बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. तो मागं हटला नाही. सरावाला कल्याणी आणि गोपाळ यायचे, तानीबाई सगळ्यांना झुणका-भाकरी वाढायची.

मायाप्पानं एकच अट घातली. "वाजीव. पर बसून वाजीव. खुर्चीवर. उभं ऱ्हाऊन मी लई वाजिवलं."

संमेलनाचा दिवस उजाडला, तो झिमझिम पावसाचा. शहरातलं मोठं सभागृह माणसांनी भरलं होतं. मंचावर सरस्वतीचा फोटो, हार, समया. आमची पाळी आली. गोपाळ आणि कल्याणी वर गेले. कृष्णात मला घेऊन पायऱ्या चढणार, तोच संमेलनाचे सेक्रेटरी आडवे आले.

"हे काय? हलगी? वर नको. देवीचा फोटो आहे, पूजा झालीय. चामडं वर कशाला? तुम्ही असं करा, इथं खाली, कडेला उभे राहून वाजवा. आवाज काय, कुठूनही ऐकू येतो."

खाली. उभे राहून. कडेला. मी ऐकतच राहिले. माझं कातडं पावसाळी हवेनं गार पडलं होतं, पण आतून मी नुसती पेटले होते. आधीच्या कार्यक्रमाचा तबला त्याच मंचावर, देवीच्या पायाशी ठेवलेला मला दिसत होता. त्याला काय पत्रा लावला होता?

कृष्णातनं आवाज न चढवता तेच विचारलं, "साहेब, तबल्याला काय असतं?"

"तबल्याचं वेगळं," सेक्रेटरी म्हणाले, आणि घड्याळ बघू लागले.

"मग आमचंही वेगळंच राहू द्या. वर जाऊ दिलं तर वाजवतो. खाली उभा राहून वाजवणार नाही."

वरून कल्याणी माइकवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कृष्णात वर आल्याशिवाय मी गाणार नाही." गोपाळनं गिटार खांद्यावरून उतरवली. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. कृष्णातनं मागं वळून बापाला शोधलं. शेवटच्या रांगेतली मायाप्पाची जागा रिकामी होती. तानीबाई एकटीच मान खाली घालून बसली होती. कृष्णातचा चेहरा पडला. त्याला वाटलं, नेमकं जे बापाला पुन्हा बघायचं नव्हतं तेच आपण त्याला आणून दाखवलं.

तेवढ्यात मायाप्पाच त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"दे ती हिकडं. गार पडलीया," म्हणाला, आणि मला काखेत मारून तडक फाटकाकडं चालू लागला. मला वाटलं, संपलं. आता घरी, आणि पुन्हा भिंत.

फाटकात सभागृहाचा पहारेकरी भरमा बसला होता. कानडी माणूस, पुढ्यात कोळशाची शेगडी. मायाप्पा त्याच्यासमोर थांबला. मागं एकदा विस्तव मागितला होता तेव्हा काय झालं, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

"आण्णा, जरा हलगी शेकू का?"

"बर्री, बर्री!" भरमा हात हलवून बोलावू लागला. स्वतःची लाकडी खुर्ची त्यानं पुढं सरकवली. "या की. कुतकोरी, बसा. शेका निवांत."

मायाप्पा बसला नाही. मला शेगडीवरून फिरवलं, एकदा, दोनदा, बोट मारून बघितलं. मी कण्ण बोलले. मग त्यानं भरमाला विचारलं, "आण्णा, ही खुर्ची नेऊ का? लगीच आणून देतो."

भरमानं मान हलवली. मायाप्पानं एका हातात मला घेतलं, दुसऱ्या हातानं ती खुर्ची डोक्यावर घेतली आणि सभागृहात शिरला. रांगांमधून सरळ पुढं. माणसं वळून बघत होती. सेक्रेटरी काही बोलायला गेले. मायाप्पा थांबला नाही, नजर सुद्धा वळवली नाही. तो पायऱ्या चढला. हळूहळू चढला, कारण गुडघे दुखत होते. मंचाच्या मधोमध खुर्ची ठेवली, सभेला हात जोडले आणि मला लोकांकडं तोंड करून उंच धरलं.

"कृष्णा," त्यानं हाक मारली. "ये. बस."

कृष्णात पायऱ्या चढून आला आणि बसला. सेक्रेटरींना आता काय करावं सुचेना. भरल्या सभेत खुर्चीवर बसलेल्या माणसाला उठ कसं म्हणणार?

गोपाळनं सूर छेडला, आणि मी सुटले! बसून वाजायची मला सवय नव्हती, मांडीवर आधी जरा अवघडले. पण दोन ठोक्यांत जुळलं. कल्याणी गात होती, कंदीलवाल्या बाईसारखी खणखणीत. शब्द फारसे कुणाला कळत नव्हते. पण ठोका? तो कळायला भाषा लागते होय? आधी पाय हलले, मग टाळ्या सुरू झाल्या, मग मागच्या रांगा उभ्या राहिल्या. फाटकातून भरमा आत येऊन दारात डोलत होता. गाणं संपलं तसं सभागृह दणाणलं. कुणी 'वन्स मोअर' ओरडत होतं, भरमा त्याच्या कानडीत 'इन्नोम्मे! इन्नोम्मे!' ओरडत होता.

मायाप्पा मंचाच्या कडेला उभा होता. कृष्णात खुर्चीवरून उठला आणि त्यानं बापाचा हात धरला.

"आता तुम्ही, आप्पा."

"मी न्हाय रं. मी सोडलंय."

"गावासाठी सोडलंय. हितं कुणी सांगावा धाडलेला न्हाय. तुमची खुशी."

मायाप्पानं खुर्चीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग धोतर सावरून तो बसला. पाठ टेकून, सरळ बसला. कृष्णातनं मला त्याच्या मांडीवर दिलं आणि स्वतः शेजारी उभा राहून टाळीचा ठेका धरला. मित्रांनो, ते दुसरं गाणं मायाप्पानं कसं वाजवलं, ते मला सांगता येत नाही. आखाड्यातला जोर होता, आणि वर काहीतरी होतं, जे त्यानं कुठल्याच दारात वाजवलं नव्हतं. शेवटच्या रांगेत तानीबाई उभी राहून हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. मला तर धूर नसतानाही धूर लागल्यासारखं झालं.

खुर्ची मायाप्पानं स्वतः नेऊन भरमाला परत दिली. दोघं शेगडीपाशी बसून चहा प्याले.

त्याला आता काही वर्षं झाली. कंदीलवाल्यांची ती तबकडी वाजवून वाजवून झिजली, एका गाण्यात तर सुई अडकून पडते. ते पाच जण कुठं असतील, आपल्या गाण्यानं बेळगावच्या एका भिंतीवरची हलगी वळवली हे त्यांना कधी कळणार नाही, याची मला हुरहुर वाटते. मायाप्पा आता थकलाय. पण दर रविवारी तो मला खाली काढतो, शेकतो, आणि दारात खुर्ची टाकून वाजवतो. आळीतल्या मुली माझ्यावर हात बसवायला येतात. गावाकडनं पुन्हा सांगावा आला नाही. मष्णू मात्र एकदा स्वतः येऊन, खुर्चीवर बसून, ऐकून गेला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य पाठमोरं टांगलेलं असेल, तर ते अडगळीत फेकू नका. ते पाठमोरं का टांगलंय, हे आधी घरातल्या थोरांना विचारा आणि शांतपणे ऐका. मग त्याला वळवा. आणि हलगी असेल, तर तिची निगा नीट राखा. ओलीत ठेवू नका. शेकताना जाळाला टेकवू नका. विस्तव मागायला कुणी दारात आलं तर नाही म्हणू नका. आणि तिला वाजवायला कुणाला बोलावलंत, तर आधी त्याला बसायला खुर्ची द्या.